लेड झेपेलिनचा सर्वांत आवडता अल्बम? माझा तिसरा

तुम्ही लिहिलंय की 'स्टेअरवे टू हेवन' आणि 'कश्मीर' ही दोन गाणी आवडली, आता लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा एखादा अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायचाय, तर जुन्या चाहत्यांचा लाडका अल्बम कोणता आणि का?

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. नवख्या माणसानं काय ऐकावं, याचं उत्तर सरळ आहे: चौथा अल्बम, १९७१ चा. त्यात 'स्टेअरवे' आहेच, शिवाय 'ब्लॅक डॉग' आहे, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. आठ गाणी, एकही भरताड नाही. पण लाडका कोणता म्हणाल, तर माझं मत 'लेड झेपेलिन ३' ला, ऑक्टोबर १९७० मध्ये आलेल्या. चाहत्यांच्या कोंडाळ्यात हे मत मांडलं की निम्मे लोक नाक मुरडतात. उरलेले निम्मे मनातल्या मनात सहमत असतात, असा माझा समज आहे.

या बँडची ताकद सगळ्यांना माहीत आहे. जॉन बॉनमचे ड्रम, जिमी पेजची गिटार, रॉबर्ट प्लांटचा तो टिपेचा आवाज आणि या तिघांना एकत्र बांधून ठेवणारा जॉन पॉल जोन्स. पहिले दोन अल्बम एकट्या १९६९ मध्ये आले आणि दोन्ही म्हणजे या ताकदीचं प्रदर्शन. तिसऱ्यात तीच ताकद आहे, पण ती दाखवण्याची घाई नाही. मला हा अल्बम आवडतो तो एवढ्याचसाठी. बाकी सगळी कारणं याच कारणाची पिल्लं.

अमेरिकेचे दौऱ्यामागून दौरे झाले होते. १९७० च्या वसंतात पेज आणि प्लांट वेल्समधल्या माखुन्लेथ गावाजवळच्या 'ब्रॉन-इर-आर' नावाच्या एका जुन्या दगडी घरात जाऊन राहिले. प्लांट लहानपणी घरच्यांबरोबर तिथे सुटीला जायचा. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. वीज नाही म्हटल्यावर इलेक्ट्रिक गिटारचा प्रश्नच मिटला. अकूस्टिक गिटार, शेकोटी, टेकड्यांवरची भटकंती आणि सोबत एक टेपरेकॉर्डर. अल्बमचं रेकॉर्डिंग नंतर हेडली ग्रेंज या हॅम्पशरमधल्या जुन्या वास्तूत आणि लंडनच्या स्टुडिओंत झालं, मिक्सिंग पार मेम्फिसमध्ये. पण दुसऱ्या बाजूच्या गाण्यांची चव त्या टेकड्यांवरची आहे.

'बाजू' म्हणतोय कारण हा अल्बम दोन बाजूंचा आहे आणि तसाच ऐकायला हवा. पहिली बाजू बहुतांशी इलेक्ट्रिक, दुसरी बहुतांशी अकूस्टिक. रेकॉर्ड किंवा कॅसेट उलटताना मध्ये जो श्वास मिळायचा तो आता मोबाइलवर मिळत नाही. 'आउट ऑन द टाइल्स' संपल्यावर जरा थांबा, चहा टाका, मग पुढे जा.

सुरुवात मात्र फसवी आहे. 'इमिग्रंट साँग' तुम्ही नक्कीच कुठेतरी ऐकलं असणार, मार्व्हलच्या थॉरमुळे तर आताच्या पोरांनाही ते पाठ झालंय. जून १९७० मध्ये बँड आइसलंडला कार्यक्रम करून आला, त्यातून हे बर्फाचं, होड्यांचं आणि लढवय्यांचं गाणं निघालं. अडीच मिनिटांच्या आत आटोपतं. त्या वेळच्या श्रोत्यांना वाटलं असणार, चला, दुसऱ्या अल्बमचाच पुढचा भाग आलाय. आणि लगेच पुढे येतं 'फ्रेंड्स'.

'फ्रेंड्स'बद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्यात आपलाही एक धागा आहे. पेजनं इथे गिटार वेगळीच जुळवलीय, खालची तार सी पर्यंत उतरवून. त्यामुळे कॉर्ड बदलले तरी खाली खर्ज घुमत राहतो. वर जोन्सनं बांधलेली व्हायोलिन-चेलोंची साथ, किंचित अंगावर येणारी. पेजला आपल्या संगीताचं वेड जुनंच, साठच्या दशकातच त्यानं सतार मिळवली होती. पुढे १९७२ मध्ये तो आणि प्लांट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि चौथ्या अल्बममधलं 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. तबला आहे, तंतुवाद्यं आहेत. ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं चोरट्या टेपांवरच फिरत होतं. २०१५ मध्ये बँडच्याच 'कोडा' या उरल्यासुरल्या गाण्यांच्या अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली तेव्हा कुठे ते अधिकृतपणे बाहेर आलं. त्याच मुक्कामात दोघांनी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये स्थानिक पोरांची वाद्यं घेऊन वाजवलं, हा किस्सा मुंबईच्या जुन्या रॉकवाल्यांकडून तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. तिथे त्या रात्री हजर होतो असं सांगणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते, ते सोडा.

मुंबईचं 'फ्रेंड्स' मूळ गाण्यापेक्षा सरस आहे का? माझ्या मते नाही. वादक तालात पक्के आहेत, पण गाण्याचा तो अस्वस्थ कडवटपणा तिथे मवाळ होतो. तरी ते ऐकाच, कारण मूळ गाण्यात पेजला कानात काय ऐकू येत होतं याचा अंदाज त्यावरून येतो.

'फ्रेंड्स'च्या शेवटी सिंथेसायझरचा एक स्वर घरघरत राहतो आणि त्याच्यावरूनच 'सेलिब्रेशन डे' सुरू होतं. ही काही थोर कल्पना नव्हती. 'सेलिब्रेशन डे'च्या सुरुवातीचे ड्रम टेपवरून चुकून पुसले गेले होते, म्हणून हे ठिगळ लावावं लागलं. आज ऐकताना वाटतं, दोन गाणी अशीच जोडलेली हवी होती.

मग येतं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'. साडेसात मिनिटांचा विलंबित लयीतला ब्लूज. मला या बँडचं फक्त एकच गाणं घेऊन जायला सांगितलं तर मी हे नेईन, 'स्टेअरवे' नाही. जोन्स हॅमंड ऑर्गन वाजवतो आणि बेसही ऑर्गनच्याच पायपट्ट्यांवर वाजवतो, त्यामुळे गाण्याचा तळ ओलसर, हलता राहतो. पेजचा सोलो तुकड्यातुकड्यानं नीटनेटका रचलेला नाही, तो ठेचकाळतो, सावरतो, पुन्हा उसळतो. बॉनम प्रत्येक ठोका अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवतो, आपण समेवर आधी पोचतो आणि तो मागून येतो. हेडफोन लावलात तर सुरुवातीच्या शांत भागात एक बारीक किरकिर ऐकू येईल: बॉनमच्या बास ड्रमच्या पेडलला तेल हवं होतं. ती किरकिर काढली गेली नाही आणि आता कोणी काढली तर मी मोर्चा काढीन. प्लांटच्या पहिल्या काही ओळींवर मोबी ग्रेप या अमेरिकन बँडच्या एका गाण्याची स्पष्ट सावली आहे, हेही सांगून ठेवतो.

हा उचलेगिरीचा मुद्दा तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवणारच, म्हणून इथेच उरकतो. आरोप खोटा नाही. 'होल लोटा लव्ह'वरून ब्लूजकार विली डिक्सननं दावा लावला, तडजोड झाली आणि आता श्रेयात त्याचं नाव असतं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'च्या बाबतीत जेक होम्स या गायक-गीतकाराचंही तसंच झालं. 'स्टेअरवे'वरचा दावा मात्र २०२० मध्ये बँडच्या बाजूनं निकाली निघाला. तिसऱ्या अल्बममध्ये त्यांचं वागणं जरा बरं आहे: 'गॅलोज पोल'च्या श्रेयात पारंपरिक असं सरळ लिहिलंय. शेवटच्या 'हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर'लाही पारंपरिक म्हटलंय, पण मांडणीचं श्रेय 'चार्ल्स ऑब्स्क्युअर' नावाच्या गृहस्थाला. हे गृहस्थ म्हणजे पेजच.

आता दुसरी बाजू. 'गॅलोज पोल' ही फासावर जाणाऱ्या माणसाची जुनी लोककथा. तो जल्लादाला विनवतो, जरा थांब, माझी माणसं सोनं-चांदी घेऊन येतायत. गाणं नुसत्या गिटारवर सुरू होतं, मग जोन्सचं मँडोलिन, मग पेजचा बँजो, तोही त्यानं जोन्सचा उचलून तेव्हाच वाजवायला घेतलेला. अर्ध्या वाटेवर बॉनम शिरतो आणि गाणं उतारावर सुटलेल्या गाडीसारखं धावायला लागतं. बऱ्याच जुन्या पाठांत कैदी शेवटी सुटतो. इथला जल्लाद सगळी लाच घेतो, हसतो आणि दोर ओढतो. आणि हे सगळं इतक्या आनंदी चालीत की पाय थिरकतात आणि मग जरा ओशाळायला होतं.

'टँजरीन' पेजनं आधीच्या बँडच्या, यार्डबर्ड्सच्या, काळात रचलेलं. सुरुवातीला गिटार चुकीच्या लयीत सुरू होते, थांबते, मोजून पुन्हा सुरू होते. तेही तसंच ठेवलंय.

आणि 'दॅट्स द वे'. पेज-प्लांट वेल्समध्ये फिरून परत येताना एका जागी बसले, तिथे ते टेपरेकॉर्डरवर उतरलं. एका मुलाला घरचे सांगतात, त्या गावाच्या पलीकडच्या लांब केसवाल्या पोराशी खेळू नकोस, आणि तो बिचारा हे मित्राला सांगतो. मध्येच घाण पाण्यात मरणारे मासे येतात. दुसऱ्या अल्बममध्ये छाती पुढे काढून ओरडणारा प्लांट इथे साधेपणानं, जवळजवळ संकोचून गातो. आणि रॉकमधला सर्वांत वजनदार ड्रमर इथे जवळपास संपूर्ण गाणंभर गप्प आहे. त्याच्या पुढचं 'ब्रॉन-इर-आर स्टॉम्प' प्लांटच्या स्ट्रायडर नावाच्या कुत्र्यावर आहे, तिथे हाच बॉनम चमचे वाजवतो. अक्षरशः चमचे. मी वर घाई नाही म्हणालो ते हेच. ज्याच्या हातात एवढा दणका आहे तो माणूस गाण्याला हवेत म्हणून चमचे घेऊन बसतो, कुरकुर न करता.

तेव्हाच्या समीक्षकांना हे झेपलं नाही. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश हे अकूस्टिक गाणी गाणारं त्रिकूट तेव्हा जोरात होतं, म्हणून अनेकांनी लिहिलं की झेपेलिन त्यांची नक्कल करतायत. वास्तविक पहिल्या अल्बममध्येही अकूस्टिक गाणी होती, ती कोणी लक्ष देऊन ऐकली नव्हती इतकंच. अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला, पण आधीच्या दुसऱ्याइतका टिकून खपला नाही. पेजला ती टीका लागली. पुढच्या अल्बमवर त्यांनी ना नाव दिलं ना बँडचा उल्लेख केला, आता बोला, असं म्हणून. म्हणजे ज्या चौथ्या अल्बमला लोक शिखर मानतात त्याच्या कोऱ्या कव्हरमागे या तिसऱ्यावरची नाराजी आहे. माझं तर म्हणणं, 'स्टेअरवे'ची पहिली दोन मिनिटंसुद्धा तिसऱ्याची दुसरी बाजू झाल्याशिवाय सुचली नसती. सिद्ध करता येणार नाही, पण लागोपाठ ऐकून बघा.

तुम्हाला 'कश्मीर' आवडलंय, तेव्हा 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) का नाही, असं विचाराल. तो दुहेरी अल्बम, पंधरा गाणी, त्यातली निम्मी आधीच्या अल्बमांतून उरलेली. 'टेन इयर्स गॉन' आणि 'इन माय टाइम ऑफ डाइंग' यांच्यासाठी मी तो अधूनमधून काढतो, पण एका बैठकीत पूर्ण ऐकणं होत नाही. 'हाउसेस ऑफ द होली' (१९७३) मधल्या विनोदाचा मला कंटाळा येतो. 'प्रेझेन्स' (१९७६) भन्नाट आहे, पण त्यात एकही अकूस्टिक गाणं नाही, ऐकून झालं की दम लागतो. १९७९ चा 'इन थ्रू द आउट डोअर' जोन्सच्या कीबोर्डसाठी ऐकावा. लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम गेला आणि बाकीच्यांनी बँड बंद केला.

तिसऱ्या अल्बमला खोट नाही असं नव्हे. 'हॅट्स ऑफ' म्हणजे पेजची स्लाइड गिटार आणि थरथरवलेल्या आवाजातला प्लांट, ब्लूजकार बुका व्हाइटच्या गाण्यांवर केलेली मस्करी. स्टुडिओत मजा आली असेल, आपल्याला येत नाही. 'स्टॉम्प' संपलं की मी तिथेच थांबतो आणि त्याऐवजी 'हे हे व्हॉट कॅन आय डू' लावतो. 'इमिग्रंट साँग'च्या अमेरिकन सिंगलच्या मागच्या बाजूला घातलेलं हे गाणं त्यांनी अल्बममध्ये का घेतलं नाही ते त्यांनाच ठाऊक. तुम्हीही प्लेलिस्टमध्ये ही अदलाबदल करून घ्या. आणि जमलं तर कुठूनतरी जुनी रेकॉर्ड हातात घेऊन बघा: कव्हरच्या आत फिरणारी एक तबकडी आहे, ती फिरवली की वरच्या खिडक्यांतून चित्रं बदलतात. पेजला ते कव्हर पसंत नव्हतं. मला आहे.