वाचकांचे प्रश्न : रिपीटच्या गोळ्या वेळेवर कशा मिळवाव्यात?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इंग्लंडमधील लेस्टरला राहायला आलो. माझे वय ५२ असून मधुमेह आणि रक्तदाब मिळून चार प्रकारच्या गोळ्या मला कायमच्या चालू आहेत. नाशिकला ओळखीच्या मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवली की महिन्याच्या गोळ्या मिळत. इथे ईस्टरच्या सुट्टीत गोळ्या संपल्या, सर्जरी (इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) बंद होती आणि तीन दिवस गोळ्यांविना काढले. नंतर फोन केला, तर रिपीटची मागणी फोनवर घेत नसल्याचे सांगण्यात आले. शिवाय दरमहा चारही औषधांचे पैसे भरतो, तो भार वेगळाच. काय करावे?

उत्तर : आधी पैशांचे सांगते, कारण तुमचे पत्र वाचून सर्वांत जास्त हळहळ मला त्याचीच वाटली. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला इंग्लंडमध्ये औषधांचे शुल्क माफ आहे. केवळ पथ्यावर मधुमेह सांभाळणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. मे २०२४ मध्ये ठरलेल्या दराने एका औषधाला ९.९० पौंड पडतात, म्हणजे तुम्ही महिन्याला ३९.६० पौंड विनाकारण भरत आहात. सर्जरीच्या रिसेप्शनवर ‘एफपी ९२ ए’ हा अर्ज मागा. त्यातून मिळणारे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि ते केवळ मधुमेहाच्याच नव्हे, तर तुमच्या सर्व औषधांना लागू होते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पैसे भरावे लागले, तर भरतानाच ‘एफपी ५७’ ही पावती मागून घ्या, कारण ती मागाहून मिळत नाही आणि तिच्याशिवाय परतावाही मिळत नाही. नुसत्या रक्तदाबाला ही माफी नाही; तशा साठीच्या आतल्या वाचकांनी वर्षभराचे औषधशुल्क एकदम आगाऊ भरण्याचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याच २०२४ च्या दराने ते ११४.५० पौंडांना मिळते आणि वर्षाला बारा औषधे झाली की परवडते.

आता गोळ्यांविषयी. ‘रिपीट’ या शब्दाने आपल्यापैकी अनेकांची गफलत होते. दर वेळी तपासणीला न येता तेच औषध पुन्हा मागण्याची मुभा डॉक्टरांनी दिली आहे, एवढाच त्याचा अर्थ; मागणी दर वेळी आपणच करायची असते आणि ती पाहून डॉक्टरांना दर वेळी मंजुरी द्यावी लागते. फोनवर मागणी न घेण्यामागे रुग्णाची सुरक्षितता आहे. अ‍ॅमलोडिपिन रक्तदाबासाठी आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन मज्जातंतूंच्या वेदनेसाठी, पण घाईच्या फोनवर ही दोन नावे कानाला जवळची वाटतात. म्हणून मागणी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या अ‍ॅपवरून करा, किंवा चिठ्ठीच्या उजव्या बाजूच्या यादीत हव्या त्या औषधांपुढे खूण करून ती सर्जरीत द्या. अ‍ॅपमध्ये जवळची फार्मसी एकदा निवडून ठेवली की मंजूर झालेली चिठ्ठी थेट तिथे पोहोचते.

मागणी केव्हा करायची, याचे मोजमाप खोक्यातच आहे. साधारणपणे २८ गोळ्यांच्या खोक्यात चौदा-चौदाच्या दोन पट्ट्या असतात. दुसरी पट्टी निम्मी झाली, म्हणजे सात गोळ्या उरल्या, की त्याच दिवशी मागणी करा. सर्जरीला बहुधा कामकाजाचे दोन दिवस लागतात आणि पुढे फार्मसीला एक-दोन. ईस्टरला गुड फ्रायडे आणि नंतरचा सोमवार धरून सलग चार दिवस सर्जरी बंद असते, त्यामुळे तेव्हा आणि नाताळात दहा दिवस आधी मागणी करावी. तुमची औषधे बराच काळ न बदलता चालू असतील, तर ‘इलेक्ट्रॉनिक रिपीट डिस्पेन्सिंग’ जमेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. त्यात ते एका वेळी बारा महिन्यांपर्यंतची मंजुरी देऊ शकतात आणि तुम्ही दर वेळी थेट फार्मसीत जाता. चिठ्ठीवरची रिव्ह्यूची (औषधांच्या फेरआढाव्याची) तारीख मात्र चुकवू नका. ती उलटली की मागणी अडकू शकते, म्हणून रक्ततपासणी आणि रक्तदाबाची नोंद त्याआधीच करून घ्या.

इतके करूनही गोळ्या संपल्याच, तर गोळ्यांविना दिवस काढू नका. एनएचएसच्या १११ या मदत क्रमांकावर फोन करा; सुट्टीच्या दिवशीही तातडीचा पुरवठा देऊ शकणारी फार्मसी ते सुचवतात. जाताना रिकामे खोके सोबत न्या, म्हणजे औषधाचे नाव आणि मात्रा याविषयी शंका राहत नाही.

प्रश्न : आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती यादीतल्या सर्वच औषधांवर खूण करते आणि कपाट भरून गेले आहे. तिच्या वतीने मी मागणी करू शकते का? (हॅरो)

उत्तर : होय. आईंच्या संमतीने सर्जरीकडे ‘प्रॉक्सी अ‍ॅक्सेस’साठी, म्हणजे त्यांच्या वतीने मागणी करण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करा. कपाटातले खरोखर वापरात नसलेले औषध पुढच्या वेळी मागू नका, आणि ते यादीतून काढायचे का, हे सर्जरीला विचारा. गेल्या हिवाळ्यात एका आजींनी आमच्या फार्मसीच्या काउंटरवर पिशवी रिकामी केली, तेव्हा तिच्यातून सीलही न तोडलेले नऊ इनहेलर निघाले. एकदा फार्मसीबाहेर गेलेले औषध दुसऱ्या कोणालाही देता येत नाही, त्यामुळे ते सर्व नष्ट करावे लागले. तुमच्याकडचा साठाही कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये न टाकता फार्मसीत आणून द्या.