बर्लिनमधला पहिला हिवाळा

अगं, जाड कोट घे हे तुला कुणीही सांगेल. मी सांगते ते वेगळंच. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या जमैकातल्या किंग्स्टनहून आलेल्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय. म्हणून ढग असले तरी दुपारी अर्धा तास बाहेर पडायचंच.

बसमध्ये चढताना सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणू नकोस. मी म्हटलं, तर समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली! डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मात्र खुशाल म्हण, तिथे उत्तर मिळतं. का, ते देव जाणे.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ. रविवारी दुकानं बंद. स्कॉच बॉनेट मिरची आफ्रिकी दुकानात शोध. सॉरेलसाठी, म्हणजे आपल्या नाताळच्या लाल सरबतासाठी, धावपळ नको. चहाच्या दुकानात हिबिस्कस म्हणून मिळतात त्या लाल अंबाडीच्या बोंडांच्याच वाळलेल्या पाकळ्या. उकळत्या पाण्यात टाक, भरपूर आलं ठेचून घाल, रात्रभर मुरू दे.

आणि बातम्यांत 'जमैका' ऐकून टीव्हीकडे धावू नकोस. २०१७ मध्ये मी धावले होते. काळा, पिवळा, हिरवा अशा आपल्या झेंड्याच्याच रंगांच्या जर्मन पक्षांच्या युतीची बोलणी चालली होती, एवढंच. तीही फिसकटली.