पहिली फेल रेस (डोंगरावर पळायची शर्यत) आहे ना, मग हे ऐक

मार्चमधली, इंग्लंडच्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्ट भागातली रेस धरतोयस, तर पुण्यातल्या हाफ मॅरेथॉनचा टायमिंग आधी डोक्यातून काढ. इथे उभा चढ आला की पुढचे पटाईतही गुडघ्यावर हात टेकून चालतात. रेसच्या माहितीत ‘एएम’, ‘बीएस’ असं काही लिहिलेलं असतं. ‘ए’ म्हणजे किलोमीटरमागे किमान ५० मीटर चढ, ‘बी’ म्हणजे २५; दुसरं अक्षर अंतराचं. तू ‘बीएस’च घे, १० किलोमीटरच्या आत सुटशील.

रोडचे बूट अजिबात नकोत. तळाला खोल रबरी खुंट्या असलेले घे आणि नाडीला दुहेरी गाठ मार. माझा डावा बूट पहिल्याच वर्षी दलदलीत राहिला. कोपरापर्यंत हात घालून शोधला, तोवर वीसेक जण हसत पुढे गेले. तेव्हापासून एक कळलंय: पोपटी, मऊ शेवाळ दिसलं की तिथे पाय नाही टाकायचा. लव्हाळ्याचे झुबके धरून जायचं, तिथे जमीन जरा धरते.

उतारावर मागे रेलू नकोस, बूड टेकलंच म्हणून समज. गुडघे सैल, पावलं छोटी, हात पसरलेले. दिसायला ध्यान दिसतं, दिसू दे.

वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि खायला काहीतरी (मी चिक्की नेतो) जवळ ठेव. सुरुवातीला तपासणी होऊ शकते. आणि मध्येच सोडलीस तर आयोजकांना सांगितल्याशिवाय घरी जाऊ नकोस. नाहीतर तू अंघोळ करत असशील आणि बचाव पथक डोंगरावर तुला शोधत असेल.