सूरशंका : चार सुरांचं भांडण

प्रश्न : माझी नात जर्मनीत शिकते. ‘आजी, मी बसून वाजवते’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मी विचारलं, ‘मग उभ्याने कोण वाजवतं?’ नंतर कळलं की बसून हे वाद्याचंच नाव. आता तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी वाजवलेल्या लिगेटी या हंगेरियन संगीतकाराच्या ‘सहा बॅगटेल्स’चं, म्हणजे सहा छोट्या तुकड्यांचं, रेकॉर्डिंग पाठवलंय. आम्ही मिरजेचे, कान अगदीच कच्चे नाहीत. पण मला ते नळावरचं भांडण वाटलं. शेवटच्या तुकड्याबद्दल ‘हा वाजवू दिला नव्हता’ असंही तिने लिहिलंय. सुरांना कोण कसं अडवणार? आणि नातीला काय कळवू?
— एक आजी, मिरज

उत्तर : ताई, (मीही आजोबाच, म्हणून ताई म्हणतो) नळावरचं भांडण हे तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त ते चार सुरांत चाललंय, हे पाहा. घरी पेटी असेलच. पांढरी एक सा धरा आणि सा, कोमल ग, शुद्ध ग, प एवढ्याच पट्ट्या दाबा. पहिला अख्खा तुकडा इतक्याच सुरांचा आहे, सप्तकं तेवढी बदलतात. दोन्ही गंधार म्हटल्यावर तुम्हाला जोग राग आठवेल. पण जोगात कुठला गंधार कधी यायचा याची शिस्त असते. इथे दोघे एकमेकांना कोपराने ढकलतात. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त गंधारांवर कान ठेवा, हसू येईल.

हा कंजूषपणा मुद्दाम केलेला. ग्यॉर्गी लिगेटी यांनी 1951 ते 1953 मध्ये बुडापेस्टला पियानोसाठी अकरा तुकडे लिहिले. पहिल्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकच सूर, अगदी अखेरीस दुसरा. पुढच्या प्रत्येक तुकड्यात एकेक सूर वाढतो आणि अकराव्यात बाराही होतात. गुरूने सहा महिने नुसता सा लावून घ्यावा, तसं त्यांनी स्वतःलाच बसवलं. त्यातले सहा निवडून 1953 मध्ये पाच फुंकवाद्यांसाठी बांधले. सगळे मिळून बारा मिनिटांचा मामला.

आता ही पाच वाद्यं. फ्लूटला रीडच नाही, क्लॅरनेटला एक, ओबो आणि बसूनला आपल्या सनईसारखी दोन पात्यांची, आणि हॉर्न तर सरळ पितळेचा, फौजेतून आल्यासारखा. चार तंतुवाद्यं एकत्र आली की एका घरातली वाटतात. ही मात्र एका चाळीतली पाच बिऱ्हाडं. त्यांचा आवाज एकजीव करायला वादकांचा जीव जातो. लिगेटी यांनी तो बेबनावच वापरला, म्हणून मला ही रचना इतर गोड-गोड पंचकांपेक्षा जास्त आवडते. मी लष्करी बॅण्डात क्लॅरनेट वाजवायचो. निवृत्तीनंतर हौशी मंडळींत हे सहा तुकडे वाजवून पाहिले. तिसऱ्यात सात सुरांचं एक वळण खाली सारखं फिरत राहतं आणि वरून संथ, लांब धून जाते. ते मला आजही झोपेत ऐकू येतं.

पाचवा तुकडा मात्र भांडणाचा नाही. तो हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या स्मरणार्थ आहे. सप्टेंबर 1945 मध्ये तरुण लिगेटी बुडापेस्टच्या संगीत अकादमीत प्रवेशासाठी आले. अमेरिकेतून बार्टोक परत येतील, त्यांच्याकडे शिकू, ही आशा होती. पण इमारतीवर काळं निशाण दिसलं. बार्टोक न्यूयॉर्कमध्ये वारले होते. हे माहीत झालं, की त्या तुकड्यातले घंटेसारखे टोले वेगळे लागतात.

आता तुमचा अडवण्याचा प्रश्न. कम्युनिस्ट राजवटीत कर्कश संगीत म्हणजे संशयित. बुडापेस्टला 1956 मध्ये हे तुकडे वाजले, पण पाचच. सहाव्यात लगतचे सूर, म्हणजे सा आणि कोमल रे एकदम दाबल्यासारखे, सारखे घासतात, म्हणून तो गाळला. त्याच वर्षी उठाव झाला, रशियन रणगाडे आले आणि डिसेंबरमध्ये लिगेटी सीमा ओलांडून व्हिएन्नाला पळाले. सहाही तुकडे एकत्र वाजायला 1969 उजाडलं, तेही स्वीडनमध्ये. आज तो सहावा ऐकून कुणाच्या भुवईचा केसही हलत नाही.

नातीला ‘छान वाजवलंस’ एवढंच लिहू नका. पोरीला ते खोटं वाटेल. चौथ्या तुकड्याबद्दल विचारा. तो सात मात्रांचा आहे, पण रूपक तालासारखा डोलत नाही, धावत सुटतो. आठ मोजण्याची सवय असलेला माणूस तिथे हमखास एक मात्रा जास्त थांबतो आणि बाकीचे चौघे पुढे निघून जातात. तालमीत त्यांच्यात तो कोण होता, ते तिला विचारा. आमच्यात मी होतो.