गावाची घरं एकाच जागी का?

प्रिय ओवी,

उपग्रहाच्या नकाशात आबाजींचं नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडचं गाव पाहून तू काल विचारलंस, ‘घरं सगळी एकमेकांना चिकटून आणि वावरं रिकामी. इथल्यासारखी शेतातच घरं का नाहीत?’

कारण मातीत आहे. तिकडे पिकते ती काळी आणि राहतात ती पांढरी. काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घर बांधलं तर कडेची माती सुकते, मधली ओलीच राहते. मग एक कोपरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणतात. उपसलेली काळी पुन्हा पायात भरली तर खणणं फुकट. भराव मुरमाचाच हवा.

जुन्या लोकांनी आधीच उंचवटा धरला, नाल्याजवळ पण पुराच्या वर. तिथेच मातीच्या भिंती पडत गेल्या, चुलीची राख आणि शेण मिसळत गेलं. जागा भुरकट झाली, आणखी उंचावली. हीच पांढरी. कुही तालुक्यातल्या अडमला तर अशा उंचवट्यात प्राचीन वस्ती निघाली. कागदोपत्रीही फरक आहेच: वावराला सात-बारा, गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८.

नकाशात गावातून निघालेल्या मातकट रेषा दिसतात ना, त्या पांदणी, म्हणजे वावरात जायच्या कच्च्या वाटा. जुलैत तिथे बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुततं. शेतात घर केलं तर शाळा, दवाखाना, दळण सगळं चिखलापलीकडे. म्हणून बैलांचा कोठाही गावातच. गावाला लागून मोकळं मैदान दिसतं ते आखर. सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, तिथे गुरं गोळा करतो. संत्र्याच्या बागेत मात्र एखादं खोपटं दिसेल, रानडुकरांसाठी जागल करायला.

मौदा-रामटेककडे सरकव नकाशा. तिकडे धानाच्या बांध्या आणि वरच्या अंगाला तलाव, चित्रच वेगळं.

दिवाळीत गेलीस की आबाजींच्या मधल्या खोलीचं दार बघ. पावसाळ्यात खालची माती फुगून ते अडकू नये म्हणून वरच्या कडेला रंधा मारलाय. उन्हाळ्यात तिथूनच उजेड येतो.

तुझी,
आई