शहराच्या आराखड्यावर सूचना देऊन खरंच काही बदलतं का?

तुम्ही विचारलंय की शहर झपाट्याने वाढतंय, पुढच्या २० वर्षांचा आराखडा तयार होतोय आणि त्यावर लोकांच्या सूचना मागवल्यात. तर सभेला जाण्यात अर्थ आहे, की सगळं आधीच ठरलेलं असतं?

बरंचसं ठरलेलं असतं. नगररचनेचे नकाशे काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि अशा सभांमध्ये टेबलावर नकाशा पसरून बसणारा माणूस मीच असायचो, म्हणून हे सांगतोय. तरीही जा. गेल्यावर पहिल्यांदा एवढंच विचारा: अजून काय ठरायचं बाकी आहे?

शहर दाट व्हावं की पसरावं, पसरलंच तर कोणत्या दिशेने, हे प्रश्न अगदी सुरुवातीला, सर्वेक्षण चालू असतानाच खुले असतात. एकदा का आराखड्याचं प्रारूप, म्हणजे मसुदा, छापून आला, की लोकसंख्येचा अंदाज, पाण्याच्या वाहिन्या, रस्त्यांची रुंदी हे सगळे हिशोब एकमेकांत अडकलेले असतात. एक धागा ओढला की बाकीचं सगळं पुन्हा मांडायला लागतं. त्यामुळे तेव्हा फार तर एखादी रेघ सरकते, एखादं आरक्षण, म्हणजे शाळा-बागेसारख्या गोष्टीसाठी राखलेली जागा, हलतं. अधिकारी दरवेळी बेरकी असतात असं नाही. पुष्कळदा ते नुसतेच दमलेले असतात.

अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं, माथ्यावर लोकांच्या हाती सत्ता. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सभा चौथ्या पायरीच्या, म्हणजे सल्ला विचारण्याच्या पुढे गेल्या नाहीत: ऐकून घेतलं, नोंद केली, चहा घ्या. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून शहराच्या अंदाजपत्रकातला काही पैसा आधी कशावर खर्च व्हावा, हे वस्त्यांच्या सभांमधून ठरू लागलं. तिथे लोक आले, कारण बोलल्यावर खरोखर पैसा हलत होता.

आता नकाशावर काय बोलायचं ते. एका सभेत एक बाई त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. आई रांगेत उभी होती आणि ही माझ्या नकाशावर बोट फिरवत शाळेची वाट दाखवत होती. बोट एका भिंतीतून आरपार गेलं. मी म्हटलं, "अगं, इथे भिंत आहे." ती म्हणाली, "भोक आहे ना तिला!" दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. वाकून जाता येईल एवढं भगदाड, विटांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या आणि पलीकडे गवतातून पडलेली पायवाट. आराखड्यात तिथे पादचारी वाट आली. त्याच संध्याकाळी कित्येक जण "ट्रॅफिक कमी करा" असं तावातावाने सांगून गेले होते. ते सगळं मी इमानदारीत लिहून घेतलं, पण त्याचं नकाशावर काय करायचं हे मला आजही सांगता येणार नाही.

खरी अडचण मात्र सभेला न येणाऱ्यांची आहे. बॉस्टनच्या आसपासच्या गावांमधल्या अशा सभांची इतिवृत्तं तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली. बोलणाऱ्यांमध्ये वयस्कर, पुरुष, जुने रहिवासी आणि स्वतःचं घर असलेले लोक प्रमाणाबाहेर जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक नव्या घरांच्या विरोधात बोलले. मला याचं मुळीच नवल वाटलं नाही. वाढत्या शहराचा आराखडा ज्यांच्यासाठी करायचा, त्यातले पुष्कळजण अजून शहरात आलेलेच नसतात. "पाच वर्षांनी मी नोकरीसाठी इथे येणार आहे, मला खोली लागेल," असं सांगायला उठणार कोण? भाडेकरू आणि पाळीवर जाणारे लोक शहरातच असतात, पण सभेच्या वेळी ते कामावर असतात. आम्ही काही दिवस पहाटे बसथांब्यांवर नकाशा घेऊन उभे राहिलो. सभागृहात कधी कानावर न पडलेल्या गोष्टी तिथे ऐकल्या, पण बस आली की माणूस अर्ध्या वाक्यात निघून जायचा. मेलबर्नने २०१४ मध्ये यावर वेगळा उपाय केला: १० वर्षांच्या आर्थिक नियोजनासाठी सोडतीच्या पद्धतीने निवडलेल्या ४३ जणांचं पॅनेल नेमलं. येईल त्याचं ऐकण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. अर्थात जे अजून आलेच नाहीत त्यांची चिठ्ठी सोडतीतही नसते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तुमची रोजची वाट नकाशावर शोधा आणि ती कुठे तुटते ते दाखवा. सूचना लेखीच द्या: जागा नेमकी कोणती, तिथे काय हवं, का हवं, सोबत एक फोटो. प्रत्येक सूचनेला कारणासहित लेखी उत्तर मिळणार का, हे तिथेच सगळ्यांसमोर विचारा. भाड्याने राहणारा एखादा शेजारी बरोबर न्या. आणि पोच घ्या. टेबलावरचा माणूस पोच द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तोच कागद स्पीड पोस्टने पाठवा.