पंच आउट नऊला, घरी निघायचं साडेदहाला

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी कपड्यांच्या एका मोठ्या दालनात सेल्स असोसिएट म्हणून लागले. शिफ्ट रात्री नऊला संपते, पण क्लोजिंगसाठी, म्हणजे दालन बंद करतानाच्या आवराआवरीसाठी, रोज तास-दीड तास थांबवून घेतात, सेल असला की त्याहून जास्त. पंच आउट, म्हणजे हजेरीत बाहेर पडल्याची नोंद, मात्र नऊलाच करायला लावतात, त्यामुळे जादा वेळेचे पैसे मिळत नाहीत. एका सहकारी मुलीने नकार दिला, तर तिला ओळीने क्लोजिंग शिफ्ट लावल्या. आता मला असिस्टंट फ्लोअर मॅनेजर करणार म्हणतात. अशी सक्ती करता येते का? बोलले तर करिअरवर परिणाम होईल का? आई म्हणते, गप्प राहा.

उत्तर : तुझ्या पत्रात दोन वेगळे वाद एकात मिसळले आहेत. तुला थांबवता येतं का, हा एक. थांबलीस तर त्याचा मोबदला द्यावा लागतो का, हा दुसरा. दालनात भांडणं होतात ती बहुतेक पहिल्यावरून, आणि तिथेच कर्मचाऱ्याची बाजू कमकुवत असते. ‘कामाच्या गरजेनुसार जादा वेळ थांबावं लागेल’ हे वाक्य नेमणूकपत्रात असतं आणि आपण सही केलेली असते. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट मजुरी आहे, पण प्रौढ माणसाकडून किती तास काम घ्यावं याला वरची मर्यादा नाही. युरोपीय संघात ओव्हरटाइम धरून आठवड्याची सरासरी ४८ तासांवर जाऊ नये असा नियम आहे. म्हणजे सक्ती कुठपर्यंत चालते हे कायद्यागणिक बदलतं. तुला लागू असलेली मर्यादा आधी वाचून घे.

तुझं खरं बळ दुसऱ्या प्रश्नात आहे. दुकानं आणि कार्यालयांतल्या कामाच्या तासांबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० सालीच एक करार केला. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण त्यातली व्याख्या तुझ्या कामाला नेमकी लागू पडते : कर्मचारी ज्या वेळात मालकाच्या दिमतीला असतो, तो कामाचा वेळ. शटर अर्धं खाली आल्यावर ट्रायल रूममधला ढीग घडी करून रॅकवर लावणं, कॅश टॅली होईपर्यंत थांबणं, दाराशी बॅग तपासायला रांगेत उभं राहणं. यातला एकही क्षण तुझा स्वतःचा नसतो. ओव्हरटाइमला किमान सव्वापट दर आणि जादा तासांची लेखी नोंद मालकानेच ठेवायची, हेही त्याच करारात आहे.

हा वेळ ‘किरकोळ’ आहे असं कुणी म्हणालं, तर कॅलिफोर्नियाचा एक खटला सांगते. एका कॉफी-साखळीतला शिफ्ट सुपरवायझर पंच आउट केल्यावर दिवसाच्या विक्रीची माहिती पाठवायचा, अलार्म लावायचा, दार बंद करायचा. रोजची ४ ते १० मिनिटं. १७ महिन्यांत ती १२ तास ५० मिनिटं झाली. इतका थोडा वेळ मोजायचा नसतो, हा कंपनीचा बचाव तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मानला नाही. तुझा तर रोज दीड तास जातोय.

म्हणून ‘मी थांबणार नाही’ याने सुरुवात करू नकोस. आजपासून एका वहीत लिही : तारीख, शिफ्ट कधी संपली, प्रत्यक्ष बाहेर कधी पडलीस, कुणी थांबायला सांगितलं, काय काम केलं. त्याच रात्री लिही. महिन्याअखेरी आठवून लिहिलेली नोंद कुणी मानत नाही. रोस्टरचे, म्हणजे कुणाची कधी शिफ्ट त्या तक्त्याचे, फोटो आणि ग्रुपवरचे ‘आज सगळ्यांनी थांबायचं’ असे मेसेज जपून ठेव. विक्रीचे आकडे, ग्राहकांची माहिती यांना हात लावू नकोस, नाहीतर तुझ्यावरच ठपका येईल.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की एचआरला साधा ईमेल कर : ‘नमस्कार, खालील दिवशी शिफ्ट संपल्यावर मी क्लोजिंगसाठी थांबले. हा वेळ हजेरीत कसा नोंदवायचा आणि त्याचा मोबदला मिळेल की बदली सुट्टी, हे कृपया कळवावे.’ यात आरोप नाही, पण उत्तर टाळणं अवघड आहे. आणखी दोघी-तिघी तयार असतील तर एकत्र पाठवा. त्या मुलीच्या नकाराआधीचं आणि नंतरचं रोस्टरही शेजारी ठेवून बघा. सूड घेतला असेल तर तो त्या कागदावरच दिसतो. उत्तर आलं नाही तर कामगार कार्यालय किंवा युनियन आहे. मात्र थकलेल्या मजुरीच्या दाव्याला मुदत असते, वर्षानुवर्षं वाट पाहू नकोस.

तुझ्या फ्लोअर मॅनेजरलाही कर्मचाऱ्यांच्या कामाचे मोजकेच तास वरून मंजूर होतात, हे लक्षात ठेव. त्याला उपाय सुचव : क्लोजिंगच्या दोघांची शिफ्ट तासभर उशिरा सुरू करा. खर्च न वाढता अर्धा प्रश्न सुटतो. असं रोस्टर मांडता येणं हीच या क्षेत्रातली खरी पात्रता आहे, आणि मुलाखतीत ती सांगता येते.

बढतीबद्दल मला काळजी वाटते. व्यवस्थापकीय पदावरच्या माणसांना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळायची मुभा अनेक कायद्यांत आहे, त्या १९३० च्या करारातही आहे. नावापुढे ‘मॅनेजर’ लागलं, काम मात्र घड्या घालायचंच राहिलं, तर पगारातली वाढ क्लोजिंगच्या तासांत विरून जाईल. म्हणून होकाराआधी लेखी माग : माझ्या हाताखाली किती जण, रोस्टर आणि रजा मी ठरवणार का, जादा तासांचं काय. हे अधिकार मिळत असतील तर बढती जरूर घे. नसतील तर सध्याच्या पदावर राहून मोबदला माग.

आईची भीती खोटी नाही. बोलणाऱ्याला त्रास होतो हे तू पाहिलंच आहेस. तिला वही दाखव, तू तोलून मापून पावलं टाकते आहेस हे तिला कळेल. रात्री उशिरा घरी पोहोचायची सोय कोण करणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचार.

रिटेल सोडायची घाई नको. एका दालनाच्या वागण्यावरून क्षेत्राचा निकाल लावू नये. पण दोन महिन्यांत लेखी उत्तर आलं नाही, तर दुसरीकडे अर्ज सुरू कर आणि तिथल्या मुलाखतीत विचार : पंच आउट क्लोजिंगच्या आधी होतं की नंतर?